लाकडी घरातली दाद

वडोदऱ्याच्या रावपुऱ्यात किंवा दांडिया बाजाराच्या आसपास एखाद्या जुन्या सागवानी घराच्या माडीवर गाण्याची बैठक ऐकण्याचा योग आला, की पुढे सिमेंटच्या सभागृहात उत्तम माइक असूनही कान कुरकुरू लागतात. यात जुन्याचा मोह असेलही, पण लाकडाचा वाटा त्याहून मोठा आहे. डोक्यावरच्या कडीपाटाच्या आणि पायाखालच्या फळ्या खर्जाचा फाजील घुमारा थोडा पिऊन टाकतात, कोरीव खांब आणि महिरपी आवाज चहूकडे विखरून देतात, आणि गिलाव्याच्या गुळगुळीत भिंतींवर आपटून तो जसा परत अंगावर येतो तसा इथे येत नाही.

या शहराला गाण्याचे वेड जुनेच. सयाजीराव गायकवाडांच्या काळात, १८८६ मध्ये, मौलाबक्षांच्या देखरेखीखाली इथे गायनशाळा निघाली. पुढे फैयाज खाँ दरबारगायक झाले आणि १९५० साली त्यांचा शेवटही इथेच झाला. खाँसाहेबांच्या भारदस्त, खर्जाकडे झुकणाऱ्या आवाजाला लाकडी छताखालची माडी कशी मानवली असती, याची कल्पना करण्याचा चाळा मला आवडतो. दिवाण भाऊ तांबेकरांचा चार मजली वाडा पाहताना तर तो आवरतच नाही. तिथल्या भिंतींवर कृष्णलीलांपासून इंग्रज-मराठ्यांच्या लढाईपर्यंत सारे रंगवलेले आहे, आणि एवढ्या चित्रांच्या पहाऱ्यात बेसूर होण्याची कोणाची छाती झाली असती?

गाण्याइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, विनोदाला अशा खोलीचा फायदा होतो असे माझे मत आहे. हल्ली तरुण मंडळी कॅफेत उभ्याने विनोद सांगतात. मराठीत सुरू झालेले वाक्य गुजरातीत वळते, हिंदीत संपते, आणि वडोदरेकराला त्यात काहीच वावगे वाटत नाही. अडचण असते ती काच आणि फरशीची. हशा खोलीत इतका वेळ रेंगाळतो की पुढच्या वाक्याचा पहिला शब्द त्यात बुडतो, आणि विनोदात नेमका तोच शब्द कामाचा असतो. लाकडी माडीवर हशा चटकन ओसरतो, त्यामुळे बोलणाऱ्याला थांबण्याचा अंदाज बरोबर येतो. शिवाय सतरंजीवर मांडी घालून बसलेल्यांना शेजारच्याचे हसणे फळ्यांतून गुडघ्यापर्यंत जाणवते. ज्याला विनोद कळला नाही, तोही मग भिडेखातर हसतो.

अशा घरांत कार्यक्रम सुरू करावेत, असे सुचवणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी आधी तुळयांची टोके पाहावीत. भिंतीत गेलेले टोक ओल आणि वाळवी यांना प्रथम बळी पडते, आणि जुन्या वायरींवर प्रकाशझोतांचा भार टाकणे म्हणजे लाकडाशी उघड वैर घेणे. माडीवर किती माणसे बसवायची हे जाणकार अभियंत्यालाच ठरवू द्यावे, आणि त्याने सांगितलेला आकडा तिकीटविक्रीला कितीही जाचक वाटला तरी पाळावा. पहिल्या प्रयोगाचे उत्पन्न कलाकाराच्या बिदागीनंतर सरळ सुताराकडे जावे. घरमालकाला हे पटवणे कठीण, कारण त्याच जागी उभ्या राहणाऱ्या फ्लॅटचा नकाशा बहुधा त्याच्या खिशात आधीच असतो.