माझा खेकडा कस्टममध्ये अडकला तेव्हा

कुरियरच्या पोराने फोनवर विचारलं, "मॅडम, मुलासाठी मागवलंय का?" आणि मी "हो" म्हणाले. त्या एका "हो"पायी माझं पार्सल, म्हणजे परदेशातून मागवलेलं मॉडेल रेल्वेचं इंजिन, पाच आठवडे अंधेरीला कस्टममध्ये पडून राहिलं. म्हणून सूचना आधीच देते, पुढचं वाचा नाहीतर सोडा: मॉडेल ट्रेन स्वतःसाठी मागवली असेल तर स्वतःसाठी म्हणूनच सांगा. लाजू नका.

मी ४६ वर्षांची होते तेव्हा, २०२३ मध्ये. मुलुंडला राहते. मुलगा तेव्हा बारावीला, त्याला रेल्वे फक्त क्लासला जायला लागायची. गाड्या माझ्या आहेत. पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम आहे, तिथे त्याला लहानपणी दाखवायला नेलं होतं. तो कंटाळून बाहेर जाऊन बसला आणि मी पुढच्या शोचं तिकीट काढलं. तिथून हे सुरू झालं.

आम्ही चौघं मिळून लेआउट करतो, म्हणजे रूळ, डोंगर, बोगदे असा छोट्या रेल्वेचा देखावा. मी, ठाण्याचे दोघं, डोंबिवलीचा एक. कोणाच्याच घरात अख्खा लेआउट मावत नाही, म्हणून तुकडे. प्रत्येक तुकडा म्हणजे चार फूट बाय दोन फुटांचा एक पाटा, कारण त्याहून मोठा आमच्या लिफ्टमध्ये आडवातिडवा करूनही जात नाही. पाट्याची उंची आणि कडेपासून रुळांचं अंतर आधी ठरवून घेतलं की कोणाचाही पाटा कोणालाही जोडता येतो. डोंबिवलीवाला आपले पाटे दुपारच्या स्लो लोकलने मालडब्यातून आणतो. सकाळच्या फास्टने आणायचा प्रयत्न एकदाच केला, त्यात खंडाळ्याचा अर्धा डोंगर गेला.

हो, आमचा लेआउट म्हणजे बोरघाट. कर्जत ते खंडाळा. खऱ्या घाटाचा चढ ३७ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. आम्ही तोच ठेवला. ऐकायला सोपं वाटतं. एका रुळावरून दुसरा रूळ न्यायला साधारण ८ सेंटिमीटर उंची लागते, म्हणजे नुसत्या चढाला जवळजवळ ३ मीटर! अडीच पाटे त्यातच गेले. डोंगर पूर्वी थर्माकोलचे करायचे लोक, २०१८च्या बंदीनंतर आम्ही जाळी, रद्दी आणि प्लॅस्टरवर आलो. तसे ते जडच होतात, पण दिसतात छान.

आता खेकडा. जीआयपी रेल्वेने (आजच्या मध्य रेल्वेचं जुनं रूप) १९२८च्या सुमारास घाटात मालगाड्यांसाठी विजेची इंजिनं आणली. मधे चौकोनी केबिन, पुढे-मागे लांब नाकाडं, आणि वळणावर ती नाकाडं वेगवेगळी वळायची. त्यांना खेकडा म्हणायचे. त्यातली पहिली काही स्वित्झर्लंडमध्ये विंटरथूरला बनली होती. तिथल्या गोटहार्ड घाटातलं इंजिन त्याच घराण्यातलं, त्याला तिकडे मगर म्हणतात. आपल्या खेकड्याचं मॉडेल दुकानात मिळत नाही, मगरीचं मात्र सहज मिळतं. चुलतभाऊ तर चुलतभाऊ. सोसायटीच्या गणपतीत लेआउट मांडायचा होता, १९ सप्टेंबरला चतुर्थी, आणि घाटात मगर चढवायचीच असं मी ठरवून टाकलं. (मागवताना एक बघा: मार्कलिन या जर्मन कंपनीचं इंजिन असेल तर त्याला रुळांच्या मधून विजेचा तिसरा संपर्क लागतो. ते साध्या दोन रुळांवर चालत नाही. आमच्यातल्या एकाचं कपाटात शोभेला आहे.)

जर्मनीतल्या दुकानाने चार दिवसांत पाठवलं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मुंबईत पोचलं. इथवर सगळं कसं लोण्यासारखं.

मग तो फोन. मी ऑफिसात होते, शेजारी दोन सहकारी, आणि "माझ्यासाठी" म्हणायला जीभ रेटली नाही. सहा दिवसांनी ईमेल आला: बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) प्रमाणपत्र सादर करा. मला वाटलं चुकून आलाय. आधी केवायसीचे कागद तीनदा मागितले होते, तसाच हाही प्रकार असेल. नव्हता.

खेळण्यांच्या दर्जाबाबतचा सरकारी आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. १४ वर्षांखालच्या मुलांनी खेळायच्या वस्तूंवर बीआयएसची खूण हवी. ती खूण कारखान्याने परवाना काढून घ्यायची असते, एक इंजिन मागवणाऱ्या बाईने नव्हे. हे मी फोनवर किमान सात जणांना सांगितलं. दर वेळी नवा आवाज, दर वेळी पार्सल नंबर पहिल्यापासून, दर वेळी "मॅडम, मी समजू शकतो". तिसऱ्या आठवड्यात एकाने खरं कारण सांगितलं. फाइलमध्ये शेरा होता: मुलासाठी. आणि दुकानदारही पावतीवर सरळ "टॉय ट्रेन" लिहून मोकळा झाला होता. दोन्हीकडून ते खेळणंच ठरलं होतं.

पर्याय दिले दोन. माझ्या खर्चाने परत पाठवा, नाहीतर माल सोडून द्या, म्हणजे नष्ट करतील. नष्ट! त्या रात्री मी जेवले नाही. नवरा म्हणाला, "एवढं काय, एक इंजिन तर आहे." त्याचं ते बोलणं मी अजून विसरलेले नाही.

हाफ डे टाकून कुरियरच्या ऑफिसात गेले. रजिस्टरमध्ये नाव, बॅग बाहेर, टोकन, मग खिडकी. खिडकीतला मुलगा भला होता, पण त्याच्या हातात काही नव्हतं. फाइल वर गेलीय म्हणाला. वर म्हणजे कुठे, तर ते त्यालाही माहीत नव्हतं. मात्र त्यानेच कानमंत्र दिला: लेखी द्या, आणि वय लिहा.

दुसऱ्या फेरीत मी हे नेलं. खोक्याचा फोटो, ज्यावर कंपनीनेच १५ वर्षांवरील लोकांसाठी असं छापलंय. कंपनीच्या कॅटलॉगचं पान. दुकानदाराकडून नवी पावती, त्यात टॉय हा शब्द काढून "संग्राहकांसाठी स्केल मॉडेल, प्रमाण १:८७". आधार कार्ड. आणि माझं पत्र: मी, वय वर्षे ४६, ही रेल्वे माझ्या स्वतःच्या छंदासाठी मागवली असून ती कोणत्याही बालकाच्या खेळण्यासाठी नाही. खिडकीतल्या मुलाने ते नीट समजावं म्हणून मोठ्याने वाचलं. मागच्या रांगेने मान वर केली. एक आजोबा म्हणाले, "वा!" ते कौतुक होतं की टोमणा, मी मागे वळून पाहिलं नाही.

पावती बदलून घेताना किमतीला हात लावू नका. काही जण कमी किंमत लिहून घेतात आणि मग दुप्पट अडकतात. आणि सुट्या रंगाच्या नाहीतर गोंदाच्या बाटल्या त्याच पार्सलमध्ये मागवू नका, ज्वालाग्राही म्हणून विमानाआधीच अडतात. रंग इथे मिळतो, तारा आणि एलईडी लॅमिंग्टन रोडला.

कराचं वेगळंच. करपुस्तकात खेळणी आणि स्केल मॉडेल एकाच ९५०३ या शीर्षकाखाली आहेत. म्हणजे बीआयएससाठी मी खेळणं नाही म्हणून भांडायचं, आणि कर लावताना मात्र ते खेळण्यांच्याच पंगतीत! त्या पंगतीचं मूळ शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर आणि २०२३ मध्ये ७० वर गेलं. वैयक्तिक पार्सलचा हिशोब वेगळ्या कलमाखालीही लागतो, तेव्हा मागवण्याआधी कुरियरकडून लेखी विचारून घ्या. मी किती भरला तो आकडा घरात सांगितलेला नाही, इथेही सांगणार नाही. माल पडून राहिल्याची ठेवणावळ वेगळी.

८ सप्टेंबरला सुटलं, ११ला घरी. खोकं उघडताना हात थरथरत होते. जड, हिरवं, नाकाडं खरंच वळणारी. मुलगा खोलीतून बाहेर आला, पाच मिनिटं पाहून गेला. एवढं पुष्कळ.

गणपतीत पहिल्या संध्याकाळी ते पलसदरीपर्यंत छान चढलं आणि बोगद्याच्या तोंडाशी थांबलं. पँटोग्राफ, म्हणजे वरच्या तारेतून वीज घेणारी टपावरची चौकट, प्लॅस्टरमध्ये अडकला होता. आरती चालू असताना ठाण्याच्या एकाने नेलकटरच्या कानशीने बोगद्याचं तोंड उंच केलं. पँटोग्राफ खाली दाबून ठेवायचं कोणाला सुचलं नाही.

खोक्यासोबत आलेल्या कागदांत वस्तूचं वर्णन शेवटपर्यंत "टॉय ट्रेन, १ नग" असंच राहिलं. ते मी फाइलला लावून ठेवलंय. खोक्याचे फोटो, पत्राचा मसुदा, पावतीचा नमुना, सगळं एकाच फोल्डरमध्ये. मालगाडीचे सहा डबे मागवायचेत. पत्रात वयाचा आकडा तेवढा बदलला की झालं.