डावीकडचे साचे

जुन्या बसच्या लाकडी सांगाड्यात पहिला नवा खांब बसेना तेव्हा मी पोरावर ओरडलो. मापं त्यानं घेतली होती. दुसराही बसेना. तिसरा बसला, पण वर तीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फट राहिली. मग मात्र मी गप्प झालो, कारण तिसऱ्याचं माप माझं होतं.

बस बेडफर्ड, १९४९ ची. तेव्हा कंपनीकडून इंजिनासकट चॅसी यायची, वरची बॉडी इथले सुतार बांधायचे. १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेलेली पहिली एसटीसुद्धा बेडफर्डच, लाकडी बॉडीची, काथ्याच्या सीटांची. ही गाडी एसटीची नव्हे, खासगी मालकाची. सांगाडा मात्र तसाच, सागवानी. इंजिन दुसऱ्या मिस्त्रीकडे होतं. माझ्याकडे फक्त लाकूड, आणि मी मुळात फर्निचरवाला.

उजवी बाजू कित्येक वर्षं पावसात उभी होती. तिचा खिडकीखालचा पत्रा काढला तसा आतून ओला भुसा सांडला. सागवान कुजत नाही म्हणतात. नार, म्हणजे आतलं गाभ्याचं लाकूड, लवकर कुजत नाही, हे खरं. पण या खांबांना कडेचं पांढरं लाकूड तसंच राहिलं होतं, आणि काचेच्या खाचेतून उतरलेलं पाणी नेमकं खांबाच्या पायाशी साचत होतं. लोखंडी स्क्रूंच्या भोवती लाकूड काळं पडून भुसभुशीत झालेलं. खांब वर ठणठणीत आणि खाली पोकळ! इतके दिवस पत्र्यानंच सांगाडा धरून ठेवला होता. मध्ये कुणीतरी दोन ठिकाणी लोखंडी अँगल ठोकून बळकटी आणायला गेला होता; लाकूड बरोबर अँगलच्या टोकाशी चिरलं होतं. रस्त्यावर चॅसी पिळवटते, तिच्याबरोबर बॉडीला थोडं हलावंच लागतं.

डावी बाजू धड होती. म्हणून छताला आतून टेकू दिले, डावीकडच्या खांबांचे साचे प्लायवर काढले, उलटे केले आणि उजवीकडचे पाच खांब नवे घडवले. कपाटाची दोन दारं अशीच करतो आम्ही.

ते बसेनात तेव्हा छत खचलं असणार, असं आधी वाटलं. दोरी ताणली, ओळंबा सोडला. पण वरच्या आडव्या पट्टीचे सांधे घट्ट होते, सांध्यांवरचा जुना रंगसुद्धा तडकलेला नव्हता. खचलं असतं तर तो आधी फुटला असता. मग कोपऱ्यात रचून ठेवलेल्या उजवीकडच्या खिडक्यांच्या चौकटी मोजल्या. एकही दुसरीसारखी नव्हती. कुठे सूतभर, कुठे दोन सूत फरक. म्हणजे ही बाजू पहिल्यापासूनच अशी होती. बांधणाऱ्यानं आधी सांगाडा उभा केला आणि मग प्रत्येक खिडकी तिच्या जागेवर नेऊन रंधली. साचा नव्हताच.

मालक म्हणाले, "मिस्त्री, मग आता सरळच करून टाका की."

"सरळ केली तर या बाजूच्या सगळ्या खिडक्या नव्या कराव्या लागतील, साहेब. छताच्या कमानीही सोडवाव्या लागतील. मग जुनं काय उरलं?"

त्यांना ते पटलं की खर्चाचा आकडा पटला, कोण जाणे.

पुन्हा सुरुवात. प्रत्येक खांबाचं माप जागेवर, जुनी चौकट मध्ये धरून. जुन्यांपैकी तीन खांबांचा वरचा भाग वाचवता आला. खाली तिरका लांब सांधा करून नव्या सागाचा पाय जोडला, स्क्रू पितळेचे मारले. दोन पूर्ण नवे. वाया गेलेले पाच खांब दुकानात भिंतीला टेकवून ठेवलेत, गिऱ्हाईक विचारतं आणि मी विषय बदलतो.

शेवटच्या दिवशी मालकांनी स्वतः तिसरी खिडकी उचलून बसवली. तळव्याच्या एका थापेत बसली. मग खात्री करायला त्यांनी तीच काढून चौथ्या जागी लावून पाहिली. नाही बसली.