आईचा मृत्युलेख लिहायला बसताना

आपल्याकडे पेपरात फोटो, ‘दुःखद निधन’, वय, दशक्रिया कुठे आणि खाली शोकाकुल मंडळींची यादी, एवढ्यावर भागतं. अमेरिकेत गावातली एखादी म्हातारी आई गेली की तिच्या आयुष्याचा दोन-तीनशे शब्दांचा वृत्तांत येतो. त्याला ऑबिच्युअरी म्हणतात. तो बहुतेक वेळा घरचेच लिहितात आणि पेपर ओळीच्या किंवा इंचाच्या हिशेबानं पैसे घेतो. फोटोचे अनेकदा वेगळे. 1965 च्या स्थलांतर कायद्यानंतर इथे आलेली मराठी पिढी आता ऐंशीच्या घरात आहे, त्यामुळे हे काम आपल्या घरांवरही येऊ लागलंय.

मजकूर दोन करावेत. फ्युनरल होमच्या (अंत्यविधीची सगळी व्यवस्था बघणाऱ्यांच्या) वेबसाइटसाठी मोठा, पेपरसाठी शंभर-सव्वाशे शब्दांचा. फ्युनरल होम एक फॉर्म देतं: नाव, जन्मगाव, आईवडील, शिक्षण, नोकरी, संस्था. नेमका त्या दिवशी कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं, म्हणून ही माहिती आई असतानाच लिहून ठेवलेली बरी.

नावापासूनच घोळ होतो. माहेरचं नाव एक, लग्नात बदललेलं दुसरं, पासपोर्टवर तिसरं, आणि महाराष्ट्र मंडळात सगळे हाक मारणार ‘माई’. कागदोपत्री नाव आधी द्यावं, त्याला लागून अवतरणात माई. नाहीतर मंडळातल्या अर्ध्या लोकांना आपली माई गेल्याचं कळतच नाही.

पूर्ण जन्मतारीख आणि घरचा पत्ता मात्र देऊ नये, वय पुरतं. अशा मजकुरातून तपशील उचलून मृत व्यक्तीच्या नावावर कार्ड काढणारे असतात, आणि अंत्यविधीची वेळ वाचून घर रिकामं कधी ते चोरालाही कळतं. आईचं माहेरचं आडनाव हा इथल्या बँकांचा ओळख पटवायला विचारायचा जुना प्रश्न. तरी ते गाळू नये असं मला वाटतं. मुलांनी बँकेतलं उत्तर बदलावं.

नातेवाइकांचा क्रम: नवरा, मग मुलं (प्रत्येकापुढे कंसात जोडीदार, मग गाव), नातवंडं, भावंडं. आधी गेलेल्यांचं वाक्य वेगळं. इंग्रजीत जाऊ, नणंद, भावजय सगळ्या एकाच शब्दात कोंबल्या जातात, त्याला इलाज नाही. घटस्फोटित सून लिहायची की नाही, यावरून मात्र खरी भांडणं होतात. ते छापण्याआधी मिटवा.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो तिच्या सेवेच्या परिच्छेदाला, आणि तिथेच लोक ‘अनेक संस्थांत उत्साहानं काम केलं’ लिहून मोकळे होतात. त्यातून काय कळतं? समजा ती ‘मील्स ऑन व्हील्स’साठी, म्हणजे घराबाहेर पडू न शकणाऱ्या म्हाताऱ्यांना, डबे पोचवायची. अमेरिकेत हे काम 1954 साली फिलाडेल्फियात सुरू झालं. एका फेरीत दहा-पंधरा घरं. गरम ट्रे एका पिशवीत, दूध नि फळं दुसऱ्या गार पिशवीत. डबा दाराला अडकवून निघायचं नाही. दार वाजवायचं, वॉकर घेऊन येणाऱ्याला वेळ द्यायचा, चेहरा बघायचा. कुणी उघडलं नाही तर ऑफिसला फोन, कारण आत कुणी पडलेलं असू शकतं. मग लिहा: ‘दर मंगळवारी, अमुक वर्षं, स्वतःच्या गाडीनं.’ आकडा आठवत नसेल तर त्या संस्थेच्या समन्वयकाला विचारा. तासांची नोंद बहुधा असते. हॉस्पिटलात सेवा करणाऱ्यांना तासांनुसार बिल्ल्यासारख्या पिना मिळतात, त्या कपाटात शोधा. मराठी शाळा, गणपतीचा स्वयंपाक, देवळातली पोळ्यांची पाळी हेही याच परिच्छेदात, पण इंग्रजी वाचणाऱ्याला समजेल असं.

शेवटी ‘फुलांऐवजी देणगी’ची ओळ. संस्थेचं नोंदणीकृत नाव अक्षर न् अक्षर बरोबर हवं. सारख्या नावाच्या संस्था पुष्कळ, चेक भलतीकडे जातात. छापण्याआधी संस्थेला कळवा, म्हणजे ती आईच्या नावानं आलेल्या देणग्या वेगळ्या नोंदवते आणि देणाऱ्यांची नावं घरी पाठवते. रक्कम सहसा कळवत नाहीत.

मजकूर आधी वेबसाइटवर लावा, चार नातेवाइकांना वाचू द्या, मगच पेपरला पाठवा. तिथली चूक एका फोनवर दुरुस्त होते; पेपरात चूक तुमची असेल तर पुन्हा छापायचे पैसे पुन्हा पडतात.