यादीत भारत नव्हता

गुजरातमधल्या छोटाउदेपूरकडच्या विहिरींमधल्या फ्लोराइडवरचा माझा पेपर एका ओपन अ‍ॅक्सेस जर्नलने, म्हणजे वाचकाला फुकट पण लिहिणाऱ्याकडून फी घेणाऱ्या जर्नलने, स्वीकारला. तीन वर्षं मी आणि माझ्या दोन विद्यार्थिनी एसटीने पाण्याच्या बाटल्या वडोदऱ्याला आणत होतो. लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड गेलं की ते पाणी पिण्यालायक राहत नाही. तिथल्या काही विहिरी त्याच्याही वर निघाल्या. तपासणी, दुरुस्त्या सगळं सुरळीत पार पडलं. मग छापण्याचं बिल आलं: २२०० डॉलर. एक लाख ऐंशी हजारांच्या पुढे! कॉलेजकडून या कामाला दमडी मिळालेली नव्हती.

फी माफीचा फॉर्म उघडला. देश निवडायचा होता. यादी खालपर्यंत सरकवली, परत वर नेली. नेपाळ होतं, बांगलादेश होतं, भारत नव्हता. आमच्या ग्रंथपाल मीनाबेन म्हणाल्या, "बेन, ही सवलत रिसर्चफॉरलाइफच्या यादीवरून देतात, गरीब देशांना जर्नलं फुकट किंवा स्वस्तात देणारा तो कार्यक्रम. आपण त्यात बसत नाही." जागतिक बँकेच्या हिशेबात आपण निम्न-मध्यम उत्पन्नाचे, पण देशाची एकूण अर्थव्यवस्था मोठी, म्हणून बाहेर. माझ्या प्रयोगशाळेत एकच जुनं फ्लोराइड मीटर आहे. ते या अर्थव्यवस्थेत कुठे मोजलं गेलं?

माफीसाठी जर्नलला पहिलं पत्र गेलं. अकरा दिवस उत्तर नाही. मग दोन ओळी: 'आपला देश पात्र नाही.' दुसऱ्या पत्राला पन्नास टक्के सूट मिळाली. नव्वद हजार तरी कुठून आणायचे? त्या रात्री मला झोप लागली नाही. पेपर तपासणाऱ्यांना जर्नल पैसे देत नाही, लिहिणाऱ्यांना देत नाही, उलट आमच्याकडूनच घेतं. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून संस्थानात खेड्यापाड्यांत मोफत वाचनालयं उभी केली. माझ्या आजोबांनी वडोदऱ्यातल्या मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीतली पुस्तकं वाचून शिक्षण केलं. त्याच गावात बसून मी पेपर छापायच्या पैशाची तजवीज करत होते.

तिसऱ्या पत्रात विनवणी केली नाही. विभागप्रमुखांच्या सही-शिक्क्याचा दाखला जोडला: या संशोधनाला अनुदान शून्य. विहिरींचा नकाशाही जोडला. एकोणीस दिवसांनी पूर्ण माफी आली. प्रयोगशाळेतच मला रडू आलं.

तुम्हाला सांगते, माफी पेपर पाठवतानाच मागा. बहुतेक प्रकाशक स्वीकृतीनंतर ऐकतच नाहीत, माझं नशीब म्हणून ऐकलं. यादीत आपला देश नसला तरी पत्र लिहाच, प्रकरण बघून निर्णय घेणारे असतात. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही केंद्र सरकारची जर्नलं वाचायला देणारी योजना २०२५ पासून सुरू झाल्याने सरकारी संस्थांत वाचायची सोय झाली आहे. छापण्याचं बिल मात्र वेगळंच येतं.

हो, दाखल्याची तारीख पत्राच्या तारखेच्या आधीची असू द्या. माझा पहिला दाखला त्याचसाठी परत आला होता. आणि पेपर छापून आला की गुजरातीत एक पान करून त्या गावांत द्या. आमचं पान एका पंचायतीच्या भिंतीवर लावलं आहे, विहिरीच्या नावासकट.