४२४ मीटर

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

भिशीहून आल्यापासून डोक्यात एकच चाललंय. साडीसुद्धा बदललेली नाही अजून. कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतलं तरी तो गरमच हवा फेकतोय. ह्यांनी विचारलं, "काय झालं?" म्हटलं, काही नाही, ऊन लागलं असेल. जळगावात मे महिन्यात हे कारण कुठेही खपतं.

झालं एवढंच. आमरस झाला, चिठ्ठी निघाली आणि कोणीतरी मंजूला म्हणालं, "सांग ना गं तुमच्या एव्हरेस्टचं." मग मंजूने बेस कॅम्पचं सांगितलं. पिवळे तंबू दगडगोट्यांवर कसे ठोकलेले असतात, त्या दगडांच्या खाली सगळी हिमनदीच असते, आणि दुपारी उन्हाने बर्फ आतून तडकतो तेव्हा तो आवाज कानाला नाही, पोटाला ऐकू येतो. बायका बघतच राहिल्या. मोठ्या वहिनींनी कुरडईचा तुकडा तोंडापर्यंत नेला होता, तो तसाच हातात राहिला.

मीही ऐकत होते. पोटाला ऐकू येतो, हे वाक्य माझं. परतीच्या वाटेवर नामचेला शेगडीपाशी बसून मी तिला सांगितलेलं.

मंजू बेस कॅम्पला पोचलीच नव्हती.

मी काही बोलले नाही. वाटीतला रस संपवला, वर "हो ना, फार थंडी होती" असंही म्हटलं. रिक्षात बसल्यावर मात्र डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचा जास्त राग आला. काय रडण्यासारखं होतं त्यात? तिने माझं काही नेलं का? दागिना नाही, पैसा नाही. एक वाक्य.

पण लागलं. अजून लागतंय.

हिवाळाभर पहाटे मेहरूण तलावाला चकरा कोणी मारल्या? बरं, तिनेही मारल्या, आणि माझ्यापेक्षा जोरात मारल्या. पण पाठीवर पाच किलो तूरडाळ घेऊन बिल्डिंगचे जिने मी चढत होते आणि वॉचमन मला विचारायचा, ताई, लिफ्ट बंद आहे का? आत्या तर रोज एकदा ऐकवायच्या, "तठे काय शे व माय? दगडं नी बरफच ना? आपला सातपुडा काय कमी शे?" ह्यांचं तोंड आठवडाभर फुगलेलं. आणि त्यात आखाजी, आपली अक्षय्य तृतीया. सगळ्या पोरी माहेरी आलेल्या, झोके बांधलेले, खापरावरचे मांडे, आणि मी तिकडे डिंगबोचेला बटाटे उकडून खातेय. आबा गेल्यानंतरची त्यांची पहिली घागर होती. दादाने भरली. असो.

एवढं सगळं करून मी तिथे पोचले, आणि सांगतेय कोण?

मला वाटतं, मला ते उरलेलं अंतर छळतंय. आल्यावर मोबाइलवर गणित करून बघितलं. ५३६४ वजा ४९४०. बेस कॅम्प वजा लोबुचे, आमचा वाटेतला मुक्काम. ४२४ मीटर. मंजू ४२४ मीटर खाली राहिली. आपण असं गणित करणाऱ्यांपैकी आहोत हे मला माहीत नव्हतं.

पण त्या ४२४ मीटरमध्ये काय होतं ते मला विचारा ना. आपलं जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटरवर. तिकडे वर हवेत प्राणवायू इथल्याइतकाच असतो, शंभरात एकवीस. पण हवेचा दाबच अर्ध्यावर आलेला असतो, त्यामुळे एका श्वासात निम्माच हाती लागतो. पुस्तकात हे वाचायला सोपं आहे. तिथे बुटाची नाडी बांधायला वाकलं की उठून दोन मिनिटं उभं राहावं लागतं. लोबुचेला रात्री झोपेत माझा श्वास थांबायचा. चार-पाच खोल श्वास, मग काहीच नाही, मग घाबरून जाग. दाइ, म्हणजे आमचा गाइड, म्हणाला, सगळ्यांचं होतं दिदी, शरीर हिशोब लावतंय. डायमॉक्सने, त्या उंचीसाठीच्या गोळीने, बोटांना मुंग्या, आणि रात्रीतून तीनदा बाहेरच्या संडासाकडे. बाटलीतलं पाणी गोठू नये म्हणून ती स्लीपिंग बॅगमध्ये कुशीत घेऊन झोपायचं.

गोरकशेप, म्हणजे बेस कॅम्पआधीचा शेवटचा मुक्काम, तिथून पुढे तर वाट अशी नाहीच. हिमनदीच्या कडेचा दगडमातीचा ढिगारा, त्याच्यावरून वर, परत खाली, परत वर. वीस पावलं आणि थांबायचं. ग्रुपमधली पुण्याची पोरं पुढे निघून गेली होती. दिवसभर माझ्याशी मराठीत बोलायला कोणी नव्हतं. मी मनातल्या मनात मंजूशीच बोलत होते, हेही आत्ताच लक्षात आलं.

लोबुचेची ती संध्याकाळ. त्याबद्दल मी अजून नीट कुणालाच सांगितलेलं नाही.

मंजू नेहमी माझ्या पुढे. उंचीला तुमचे तलावाचे फेरे कळत नाहीत. थुकलाच्या चढावर ती दगडाआड जाऊन ओकून आली आणि म्हणाली, रात्रीचं लसणाचं सूप बाधलं. वर गेल्यावर ती गिर्यारोहकांची स्मारकं, दगडांचे चौथरे, पताका. तिथे सगळे गप्प झाले, आणि ही एकटीच हसत होती. मला वाटलं, मजेत आहे. लोबुचेला जेवणघरात शेगडीभोवती बसलो तर ही जॅकेटची चेन लावतेय. खालची दोन टोकं एकमेकांत जाईनात. एकदा, दोनदा, पाच मिनिटं तेच. डोक्यावरची लाल कानटोपी काढून बाकावर टाकली, म्हणाली गरम होतंय. आमचे श्वास तिथे दिसत होते, इतकी थंडी.

दाइ कोपऱ्यातून बघत होता. उठून आला आणि हिंदीत म्हणाला, "दिदी, जरा सीधा चलके दिखाओ." दोन टेबलांच्या मध्ये लाकडी फळीची सरळ रेघ होती. तिच्यावर टाचेला पंजा लावत चालायचं. मंजूने पहिलं पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. तिसरं बाजूला गेलं आणि तिने टेबलाची कड धरली. "जमीन हलतेय गं," म्हणाली, आणि पुन्हा हसली. बाकीचेही हसले. दाइ नाही हसला.

त्याने तिच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. रक्तातला प्राणवायू ६६. माझा ७९ होता. पण तो म्हणाला, आकड्याचं सोडा, चाल बघा. मेंदूला सूज यायला लागली की पाय आधी सांगतात. सकाळपर्यंत थांबायचं नाही; गोळी देऊ, ऑक्सिजन देऊ, पण खरं औषध एकच, खाली उतरणं. आत्ता. फेरिचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे, ४३७१ मीटरवर; १९७३ पासूनची संस्था आहे, सीझनमध्ये तिथे डॉक्टर असतात. दुसरा गाइड आणि एक पोर्टर तिला घेऊन अंधारात निघाले. दोघांच्या मधोमध ती.

मी बूट घालायला लागले होते. दाइ म्हणाला, तुम्ही आलात तर आणखी एकाला सांभाळावं लागेल. बरोबरच होतं त्याचं. मी बूट काढले. किती पटकन काढले ते मला माहीत.

सकाळी रेडिओवर निरोप आला की उतरल्यावर सुधारली, चहा मागतेय. मग मी पुढे गेले.

तर मला लागलंय ते नक्की काय?

समजा भिशीत मंजूने खरी गोष्ट सांगितली असती. फळीवरची रेघ, अंधारातली उतरण, तोंडावर ऑक्सिजन. माझ्या बेस कॅम्पपेक्षा ती शंभरपट मोठी गोष्ट आहे. मी असते तर वर्षभर तीच सांगितली असती. ती का नाही सांगत? लाज वाटते म्हणून? मंजूला? जिने आपल्या सासूच्या नवससायासाची गोष्ट नक्कल करून सांगितली तिला?

नामचेला भेटलो तेव्हा तिने मला पहिलं काय विचारलं, ते आता आठवतंय. "मी काय केलं गं?" मी सांगितलं, चालून दाखवलंस. ती माझ्याकडे बघत राहिली. थुकलाचा चढ तिला आठवत होता, पुढचं काही नाही. स्मारकं नाहीत, चेन नाही, टेबल नाही. थेट फेरिचेचा चहा. मग म्हणाली, बरं, ते राहू दे, वरचं सांग. सगळं सांग. आणि मी तिला दोन तास सांगत बसले, दगड न दगड. ती मध्ये मध्ये विचारत होती, तंबू कोणत्या रंगाचे? आवाज कसा? मग मीच शोधून शोधून म्हटलं, पोटाला ऐकू येतो.

म्हणजे मीच भरवलं की तिला. आता घशाखाली गेलेलं परत कसं मागू?

शहाद्याचे मामा आठवले मघाशी, कूलरला पाणी घालताना. दरवर्षी धनत्रयोदशीला अस्तंब्याला जायचे, अश्वत्थाम्याच्या यात्रेला. सव्वातेराशे मीटरचा तो डोंगर, पण मामा सांगायचे तसा तो आभाळात गेलेला होता. शेंड्यावरचा वारा, रात्रभर डोंगरभर हलणाऱ्या बत्त्या, कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत फिरणारा तो. आम्ही पोरं गोधडीत घुसायचो. परत आले की गल्लीतल्या बाया त्यांच्या पाया पडायच्या. मामी एकदा भाकरी थापता थापता सहज म्हणाली, गुडघा गेल्यापासून हे अर्ध्या वाटेवरच्या दगडावर बसतात, बाकीचे वर जाऊन येतात. म्हणजे आम्ही ऐकलेल्या शेंड्याच्या निम्म्या गोष्टी त्या दगडावरच्या. वर जाऊन आलेल्या बाकीच्यांपैकी कुणाची एक गोष्ट आठवत नाही मला. मामांचं वजाबाकीचं गणित गल्लीत कुणी केलं नाही.

एव्हरेस्टचंही पाहा. २९ मे १९५३ ला हिलरी आणि तेनसिंग वर पोचले, आणि खाली आल्या दिवसापासून जगाचा एकच प्रश्न, आधी कोण? दोघं म्हणत राहिले, बरोबरच. शेवटी १९५५ मध्ये तेनसिंगनेच आत्मचरित्रात सांगून टाकलं की हिलरी पुढे होता, मी मागे. आता त्यांच्यात पावलाचं अंतर होतं, आमच्यात ४२४ मीटर. आणि ते शिखरावर होते, आम्ही जेमतेम पायथ्याशी. तुलनेला काही ताळतंत्र हवं. पण रात्री बारा वाजता कोण अडवतंय.

आणि माझं तरी काय मोठं? बेस कॅम्पवरून एव्हरेस्टचा माथा दिसतच नाही. मध्ये नुप्त्सेचा डोंगर आडवा येतो. ते बघायला गोरकशेपच्या डोक्यावरच्या काला पत्थरवर जावं लागतं, साडेपाच हजारांच्याही वर. पहाटे चारला दाइने दार वाजवलं तेव्हा मी आतून "नको" म्हणाले आणि कूस बदलली. पुण्याची पोरं जाऊन आली आणि नाष्ट्याला माझ्याकडे अशा नजरेने बघत होती, की काकू, मग तुम्ही केलंत काय? त्यांच्या ग्रुपमध्ये कुणी विचारलं तर तेही म्हणत असतील, एक काकू होत्या, त्यांचं राहिलं.

प्रत्यक्ष बेस कॅम्पवर मी फार तर अर्धा तास होते. निम्मा वेळ त्या लाल अक्षरांच्या दगडापाशी फोटोच्या रांगेत गेला. नाक वाहत होतं, डोकं ठणकत होतं, आणि मनात मोठं काही येईल म्हणून वाट बघत होते, ते आलं नाही. आला तो फक्त बर्फाचा आवाज. मंजूच्या बेस कॅम्पवर मात्र सगळं आहे. आज तिने सांगितला तो कॅम्प मला माझ्यापेक्षा बरा वाटला. राग आला त्यात हेही असेल का?

बारा वाजून गेले. आत्ता मंजूचाच मेसेज आला. "जागी आहेस? तो दगडाजवळचा फोटो पाठव ना, भिशीच्या ग्रुपवर सगळ्या मागतायत."

फोटो काढून बघितला. गॉगल, नाकापर्यंत ओढलेला बफ, आणि डोक्यावर तिची लाल कानटोपी. लोबुचेच्या बाकावर राहिलेली मी खिशात टाकली होती आणि त्या वाऱ्यात माझ्या टोपीवर चढवली होती. चेहरा म्हणून काही दिसतच नाही. बुटांवरून ओळखावं लागतं. ग्रुपवर गेला की सगळ्या म्हणणार, मंजू काय दिसतेय!

पाच मिनिटं फोन हातात धरून बसले. मग पाठवला.

लगेच तिचं उत्तर. "अगं बाई, यात मी केवढी जाड दिसतेय!"

पुढे हसण्याचं चित्र नाही, काही नाही.

मी लिहिलं, "जॅकेटमुळे गं."