एका ओठाच्या अनेक नोकऱ्या

क्लॅरिनेट या पाश्चात्त्य फुंकवाद्यावर पोट भरणाऱ्याला एकच नोकरी क्वचितच पुरते. सकाळी शिकवणी, दुपारी वाद्यवृंदाची तालीम, संध्याकाळी थिएटरच्या पिटमध्ये, म्हणजे रंगमंचापुढच्या वादकांच्या खड्ड्यात, साथ, मधल्या वेळात कुणाचं तरी रेकॉर्डिंग. बघणाऱ्याला वाटतं, सगळं काम बोटांचं. खरा राबतो तो खालचा ओठ. दातांवर किंचित दुमडून तो रीडला, म्हणजे फुंकल्यावर थरथरून आवाज काढणाऱ्या पातळ पट्टीला, आधार देतो आणि दिवसातून अनेकदा वेगळ्या मालकाची चाकरी करतो.

वाद्यवृंदात दोन क्लॅरिनेट जवळ ठेवाव्या लागतात, एक बी फ्लॅट या पाश्चात्त्य सुराची आणि एक ए या सुराची. मोझार्टचा 1791 चा कंचेर्तो (एकल वाद्य आणि वाद्यवृंदाची रचना) एच्या क्लॅरिनेटवर वाजतो. एकीवरून दुसरीवर जायला कधी कधी तालाची मोजकी आवर्तनं (बार) मिळतात. तेवढ्यात माउथपीस, म्हणजे तोंडात धरायचा भाग, रीडसकट उचलून दुसरीवर चढवायचा, कारण भिजलेली, ओठाला सरावलेली रीड तीच. पण दुसरी तोवर गार पडलेली असते आणि गार क्लॅरिनेट सुरात खाली उतरते. म्हणून आधीच्या विश्रांतीत तिच्यात आवाज न करता ऊन श्वास सोडत राहायचं. पुढे ती तापून चढली की बॅरल, म्हणजे माउथपीसखालचा छोटा नळीसारखा तुकडा, मिलिमीटरभर बाहेर ओढायचं.

पिटमध्ये तऱ्हा निराळी. एकाच खुर्चीवर क्लॅरिनेट, बास क्लॅरिनेट, सॅक्सोफोन आणि वर बासरीही. सॅक्सोफोनला ओठ सैल लागतो. तसाच सैल ओठ घेऊन क्लॅरिनेटवर आलं की सूर पडतो आणि आवाज पसरट होतो. शिवाय स्टँडवर उभ्या वाद्याची रीड सुकून टोकाशी लाटा येतात. माउथपीसवर टोपी घालायचा कंटाळा पुढच्या गाण्यात भोवतो.

रीड हा तर कायमचा संसार. बांबूसारख्या दिसणाऱ्या एका उंच गवताची ही पट्टी टोकाशी मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी पातळ असते. तिचा कडकपणा नंबरात मोजतात; नवशिक्याला दोन किंवा अडीच नंबरची बरी. व्यावसायिक बहुधा तीनच्या पुढे जातात. तरी नंबर हा मानाचा बिल्ला नव्हे, तो माउथपीसच्या टोकाशी रीडपुढे राहणाऱ्या फटीवर ठरतो. एका पेटीतल्या दहांपैकी मैफिलीला नेण्याजोग्या थोड्याच. म्हणून शहाणा वादक तीन-चार रीड आलटून पालटून वापरतो. बांधताना रीड माउथपीसच्या टोकापेक्षा केसभर वर गेली तर कडक लागते, खाली राहिली तर मऊ. नवी रीड फेकण्याआधी ती सरकवून बघावी.

शिकवणीला दुय्यम काम समजणाऱ्यांशी मी सहमत नाही. वादकाचं तोंड जे न बोलता करतं, ते इथे शब्दांत सांगावं लागतं. क्लॅरिनेटमध्ये रजिस्टर की, म्हणजे सूर वर उडवणारी कळ, दाबल्यावर सा सप्तक ओलांडून थेट तार पंचमावर जातो, त्यामुळे वरच्या पट्टीसाठी बोटं नव्याने बसवावी लागतात. सगळ्यांत अवघड जागा मधली. बी फ्लॅटला जवळजवळ सगळी भोकं उघडी, आणि लगेच वरच्या बीला सगळी बंद. उजव्या हाताची बोटं आधीच खाली ठेवली तर ही उडी निम्मी होते. चित्कार आला तर विद्यार्थी रीडला दोष देतो. बऱ्याचदा अनामिकेखालचं भोक अर्धवट उघडं असतं, किंवा तळव्याचा धक्का बाजूच्या कीला लागलेला असतो.

खात्री करायची तर माउथपीस आणि बॅरल एवढेच जोडून फुंकायला लावायचं. बी फ्लॅटच्या क्लॅरिनेटवर पियानोवरचा एफ शार्प स्थिर आला तर तोंड ठीक, मग बोटं तपासायची. खाली आला तर ओठ सैल, वर गेला तर जबडा रीडला चावतोय. सॅक्सोफोनच्या अंकानंतर, मध्यंतरात, पिटमधल्या वादकानेही ही परीक्षा स्वतःची घ्यावी.