के-व्हॅल्यू बदलताना होणारा बाराचा घोळ

वडोदऱ्याच्या मकरपुऱ्यातल्या एखाद्या स्टीम लाइनला रॉकवूल (उष्णता अडवणारी दगडी लोकर) लावायचंय आणि डेटाशीटवर के-व्हॅल्यू, म्हणजे उष्णतावाहकता, ०.२८ दिसतेय? लगेच कॅल्क्युलेटर काढू नका, आधी एकक शेवटपर्यंत वाचा. बीटीयू-इंच प्रति तास-चौरस फूट-फॅरनहाइट असेल, तर ०.१४४२ ने गुणा, ०.०४ वॉट प्रति मीटर-केल्विन येतं. त्यातला ‘इंच’ नजरेतून सुटला आणि फुटाच्या एककाचा गुणक १.७३१ लावला, की उत्तर ०.४८. सरळ बारापट! रॉकवूल विटेच्या पंगतीला जाऊन बसलं की समजायचं, इंच गळलाय.

जुन्या ड्रॉइंगवर किलोकॅलरी प्रति तास-मीटर-सेल्सिअस असतं, तिथे १.१६३ ने गुणा. केल्विन दिसलं म्हणून २७३ मिळवू नका, हा तापमानातला फरक आहे. शिवाय २४ अंशांना मोजलेला आकडा २०० अंशांच्या लाइनला लावू नका; तापल्यावर रॉकवूलची वाहकता चांगलीच वाढते.